शेऱ्याचा रकाना

डोरीन हॅव्रिलक निवृत्त झाली त्या सोमवारी
विनिपेगमध्ये उणे एकतीस होतं.
गाड्या वायरींनी खांबांना बांधलेल्या,
दावणीला गुरं बांधावीत तशा,
आणि तिच्या जागेवर नुसती वायर लोंबत.

लॉ स्कूलचा तिसरा मजला, झेरॉक्सच्या खोलीला लागून
तिची खुर्ची. आता माझी.
वारसा म्हणून एक किल्ली,
अर्धा डबा पुदिन्याचा चहा
आणि एक तक्ता : सव्वीस प्राध्यापक, एकोणीस वर्षं,
अनुदानं, मुदती, पावत्या,
आणि पार उजवीकडे, पडदा सरकवल्याशिवाय दिसत नाही असा
शेऱ्याचा रकाना.

थॉर्लाक्सन : यांना अंतिम तारीख चार दिवस अलीकडची सांगावी.

लाफ्रेनिएर : तळटीप दोनशे बारामधला निकाल अपिलात फिरलाय.
सभेत बोलू नये. जिन्यात गाठावं.

ओकिमॉ : नदीकाठच्या म्हाताऱ्यांकडे जाताना
तंबाखूची पुडी आणि कापड न्यावं लागतं.
लेखाविभाग पावती मागतो.
भेट आहे, खर्च नव्हे, असं तीनदा लिहिलं.
चौथ्यांदा स्वतः जाऊन बसले.
मंजूर.

बर्गमन बाई : आईचं दुखणं. मुदतवाढ मीच मागितली.
विचारलं तर म्हणावं, सगळ्यांनाच दिलीय.

पुस्तकं छापून येतात. सुरुवातीला आभार :
न्यायमूर्ती, पत्नी, कुत्रा,
आणि कधीमधी, कुत्र्यानंतर, डोरीन.
एकदा तर डोरिस.
ती प्रत तिने कपाटात
पाठ भिंतीकडे करून उभी केलीय.

मी खाली सरकत गेले, वर्षं मागे जात राहिली
आणि एका ओळीत माझंच नाव.
तेव्हा मी विद्यार्थिनी. ताशी चौदा डॉलर घेऊन
दुसऱ्यांच्या तळटिपांतले स्वल्पविराम तपासायचे.
शेरा : पगार सहा आठवडे अडकलाय. मागे लागले आहे.
पोरगी दुपारची खात नाही.
सभेतली सँडविचं ‘टाकूनच द्यायचीत’ म्हणून द्यावीत.

ती सँडविचं आठवतात मला. अंड्याची. दर बुधवारी.
मला वाटायचं,
इथल्या सभांना माणसंच येत नाहीत.

बराच वेळ मी पडद्याकडे बघत बसले.
खिडकीच्या आतल्या बाजूनेही बर्फ धरला होता.

मग दार वाजलं. थॉर्लाक्सन,
चष्म्यावर वाफ, हातात अर्धवट अर्ज.
‘शेवटची तारीख कधी?’
सहा मार्च, मी म्हणाले,
आणि टेबलावरचा स्टेपलर उगाच सरळ केला.
‘म्हणजे दहा,’ ते म्हणाले,
आणि डोरीनच्या, माझ्या, खुर्चीकडे बघून
जरासं हसून निघून गेले.

एकोणीस वर्षं.

मी त्यांची ओळ शोधली.
चार खोडून
सहा केले.