बाद मत

रात्री आठला पेटी बंद झाली
आणि शाळेच्या जेवणघरात आम्ही चौघं एका टेबलाला बसलो.
खुर्च्या सहा वर्षांच्या मुलांच्या मापाच्या,
त्यामुळे लोकशाही गुडघे छातीशी घेऊन बसलेली.

भिंतीवर मुलांनी रंगवलेलं ल्यों:
दोन नद्या, टेकडीवरचं चर्च, ट्राम,
आणि कागद संपतो तिथे, अगदी कडेला, आम्ही.
चौदा मजल्यांचे पाच चौकोन.
शहराने आम्हाला पहिल्यापासून नावं ठेवली,
सुरुवातीला तरी पक्ष्यांची:
चंडोल, पाकोळी, सुतार.

बाकारी पाकीट फोडतो, मी नाव मोठ्याने वाचते,
मादाम पेलिसोन आणि नुकत्या मिशा फुटलेला एन्झो
रेघा ओढतात. चार उभ्या, पाचवी आडवी.
यादीत अकराशे. आले तीनशे बारा.
बाकीचे कुठे गेले, असं उद्या टीव्हीवर विचारतील.
मला विचारा ना.
फातू रविवारीही विमानतळाच्या फरश्या पुसते.
जिलालीचं नाव जुन्या पत्त्यावर आहे,
आणि तो पत्ता दोन वर्षांपूर्वी पाडून झाला.
ट्रकच्या कारखान्यातला म्हातारा रेमोंद म्हणतो,
मत दिलं होतं एकदा,
कुणी परत केलं नाही.

या वेळी प्रचारात एकच शब्द होता: सुरक्षा.
बाईंनी तो मऊ आवाजात उच्चारला, समोरच्या गृहस्थांनी दात लावून.
बोट दोघांचंही आमच्याकडे.
मग चौकात कॅमेरे आले, मान वळवणारे.
त्यांना चंडोलची लिफ्टही दिसत असणार,
दार कायम उघडं, आत एक मोडकी बाबागाडी.

पहाटे साडेचारच्या ट्रामने गेलं की शहर आमचं असतं.
आम्ही त्याच्या काचा पुसतो, कचऱ्याच्या टोपल्या रिकाम्या करतो.
नऊला ते कॉफी घेऊन येतं
आणि स्वच्छ टेबलाशी बसून विचार करतं,
ही माणसं आपल्यात मिसळत का नाहीत.

दोनशे एकेचाळिसावं पाकीट.
मी वाचायला तोंड उघडलं, ते तसंच राहिलं.
उमेदवाराच्या नावावर निळ्या बॉलपेनने, तिरकं:
चंडोल. लिफ्ट. अकरावा मजला. सात महिने. माझे गुडघे.

सही नव्हती.
पण प्रत्येक शब्दामागे टिंब होतं,
जिन्याच्या वळणावर दम घ्यावा तसं.
तीच टिंबं मी लहानपणापासून दुकानात घेऊन गेले आहे:
दूध. पाव. पुदिना.

सकाळी ती ठेवणीतला कोट घालून उतरली होती,
पर्स छातीशी धरून,
जशी कुणाच्या तरी लग्नाला निघाली होती.

बाद, मादाम पेलिसोन म्हणाल्या. कागदावर खूण आहे.
बाद, मीही म्हणाले. आवाज शक्य तितका सरळ ठेवला.

आता नियम असा, की बाद मत फेकत नाहीत.
कारण लिहायचं, सह्या करायच्या, अहवालाला जोडायचं,
लाखेचा शिक्का मारून रात्रीच प्रशासनाच्या कचेरीत पाठवायचं.
तिचे सहा अर्ज गेले होते त्याच कचेरीत.
फोनवर दर वेळी व्हायोलिन वाजायचं.
सरकारी काम, सहा महिने थांब, म्हणतात.
सातवाही थांबून झाला होता.

आणि आज तो कागद चार सह्यांसकट
पोलिसांच्या गाडीतून निघाला,
निळा दिवा लावून,
रिंगरोड ओलांडून थेट शहरात.
आमच्याकडून त्या दिशेला एरवी असं कुणाला नेतात
ते सगळ्यांना ठाऊक आहे.

मी जिना चढले. पाचव्यावर थांबले, आठव्यावर थांबले.
ती जागीच होती, पाय गरम पाण्यात.
कोण आलं? तिने विचारलं.
मी नाव सांगितलं. तिने मान हलवली,
उद्याही धुकं आहे म्हटल्यावर हलवतात तशी.
टॉवेलने एक पाय पुसला. मग दुसरा.

आणि बाद किती?