येते

त्रिमूर्ती चौकात, मोबाईलच्या दुकानावर
रोज सहा बॅचेस.
'चाळीस दिवसांत फाडफाड इंग्रजी' –
फाडफाड हा शब्द सरांचा,
घसा माझा.

आता लाओसमधलं एक गाव.
आठवड्याला बारा तास, पगार निम्मा.
दुपारी म्हणे शाळासुद्धा लवंडते.

बाबांचा जन्म नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
नोटा मोजण्यात गेला.
त्यांनी एवढंच विचारलं,
"उरलेल्या वेळाचं काय करशील?"
मी बॅगेत चिवड्याचा पुडा कोंबत राहिले.

ओझरची तेजल निघताना रोज म्हणायची,
"आय कम, मॅडम."
मी रोज: "कम नाही गं, गो."

आज दिवे घालवले,
शटर ओढता ओढता
मीच म्हणाले, आय कम.

तेजलनं चूक काढली नाही.
पायऱ्यांवर सांडलेला खडू
चपलेनं पुसत राहिली.