रुमालाखाली

डावी करंगळी आणि तिच्या शेजारची,
दोघी मार्चपासून कुणा दुसरीच्या आहेत.
हळकुंड मोडलं की कळायचं मला
आत ओल किती, पॉलिशखाली काय लपवलंय.
आता त्या बाजूनं नुसता आवाज येतो, टच्च.

मिरजेला त्या पांढऱ्या बोगद्यात
वीस मिनिटं हलायचं नव्हतं.
कानात कापूस, वरून ठोकाठोक,
जणू कुणी डोक्यातले डबे उचकतंय
आणि हवं ते सापडत नाहीये.

रिपोर्टात लिहिलंय: बारीक पांढरे ठिपके, चार-पाच.
विशिष्ट नाहीत.
लक्षणांशी ताडून पाहावे.
डॉक्टर मगदूमांनी फिल्म उजेडाला धरली.
वयानंही असतं असं, म्हणाले.
अर्धशिशीनं असतं. कधी कशानंच नसतं.
मी म्हटलं, मी त्रेचाळीसची आहे.
हो ना, म्हणाले, आणि थांबले.
मग: सहा महिन्यांनी परत बघू.

बसमध्ये सन्मतीनं फिल्म मांडीवर घेतली,
वाकू नये म्हणून तान्ह्या पोरासारखी.
विश्रामबागला रस्ता उकरलेला,
दर खड्ड्याला ती हात वर उचलायची.
आई, हे काय गं?
डोळे असतील.
आणि हे?
मला काय माहीत, मीपण पहिल्यांदाच बघतेय.

अण्णा हळदीच्या सौद्याला जायचे
तेव्हा भाव तोंडानं बोलत नसत.
हातांवर रुमाल टाकायचा,
आत बोटं बोटांना सांगायची.
बाहेरच्याला दिसायचं फक्त कापड हललेलं.
मी फ्रॉकमधली, पोत्यावर उभी, ओरडायची,
किती ठरलं, अण्णा?
ते वळून न बघता म्हणायचे,
अजून हात आत आहे.

डॉक्टरांनी वही ठेवायला सांगितलीय.
सोमवार: दोन बोटं, संध्याकाळपर्यंत.
मंगळवार: कोपरापर्यंत गेलं.
बुधवार: नाही.
गुरुवार: आठवत नाही, गाडी भरत होतो.
रात्री चिमटा काढून बघितला.
खूण उठली, लाल,
शेजारणीच्या दारावर टकटक करावी
आणि ती घरात नसावी तसं.

आज यार्डात पोतं शिवताना
सुतळीची खरखर लागली करंगळीला.
एकदाच. लागली की
उजव्या हातानं सांगितलं, कोण जाणे.
पुन्हा ओढून बघितली, तिसऱ्यांदा बघितली.
बाबुराव हमाल म्हणाला, वहिनी, गाठ बसली की.

वहीत शुक्रवार मोकळा आहे.
पेन बाजूला ठेवलं,
सन्मतीच्या कंपासातली पेन्सिल शोधली.