काम पूर्ण

तीन वर्षांत तिसरं नाव लागलंय आमच्या वसाहतीला.
आधी सीडर पॉइंट, मग द रिजेस,
आता विलो क्रीक.
टल्सा शहराच्या या टोकाला ओढा नाही;
वाहतं पाणी म्हणावं तर धुलाईघराच्या फुटक्या नळाचं.
नव्या पाटीला मात्र खालून चार दिवे.
रात्रभर ‘विलो’ उजळलेला असतो
आणि अकरा नंबरच्या जिन्यात
आपली किल्ली आपल्याला दिसत नाही.

ऑफिसात दालचिनीच्या वासाची मेणबत्ती जळते.
काचेच्या बरणीत बिस्किटं,
नव्यानं घर बघायला येणाऱ्यांसाठी.
एकदा माझा हात तिकडे गेला,
तेव्हा केंड्रानं बरणीचं झाकण हलकेच सरळ केलं.
केंड्रा गोड बोलते, सगळं टाइप करून घेते.
“तक्रार नोंदवलीय. क्रमांक जपून ठेवा.”
ठेवलेत. माझ्याकडे सतरा आहेत.
जिन्याचा दिवा: काम पूर्ण.
फाटकाचा मोडका दांडा: काम पूर्ण.
थांग लियानच्या दाराची कडी, लाथेनं उखडलेली: काम पूर्ण.
दार अजून दोरीनं बांधलेलं आहे.
त्याची बायको रात्री फ्रिज दाराला लावून झोपते,
पहाटे परत सरकवते.
फरशीवर उठलेले ते ओरखडे
घर सोडताना डिपॉझिटमधून कापतील.

नियांग, तिची बहीण, कारखान्यातून पावणेबाराला उतरते.
मार्चमध्ये तिच्या मागून कोणीतरी जिना चढलं.
पर्स गेली, पुढचा दात गेला.
बाकी काही नाही, म्हणते ती,
आणि ओठ मिटून हसते.
पोलीस आले. फाटक उघडंच होतं,
तेवढा त्यांचा वेळ वाचला.
दुसऱ्या दिवशी दारोदार पिवळा कागद:
सुरक्षितता ही प्रत्येक भाडेकरूची वैयक्तिक जबाबदारी आहे.
खाली, त्याच कागदावर,
एक तारखेपासून भाडं पंचेचाळीस डॉलरनं वाढल्याचं.
एका कागदात दोन कामं.
काटकसर शिकावी तर यांच्याकडून.

मी बल्ब आणला. सहा डॉलर.
स्टुलावर चढून लावला.
पाच रात्री सगळे वर बघत चढले.
सहाव्या दिवशी तो माझ्या उंबऱ्याशी ठेवलेला,
सोबत चिठ्ठी: विनापरवानगी केलेला बदल.
म्हणजे त्यांच्याकडे शिडी आहे तर.
आणि चढणारा माणूसही.

तळमजल्यावर लॉरेटा पेटअवे राहते.
एकतीस वर्षं शाळेची बस चालवलेली,
दोन्ही गुडघे बदललेले.
तिनं कुठेच काही नोंदवलं नाही.
घडीची खुर्ची आणली, जिन्याच्या तोंडाशी मांडली,
मांडीवर मोठी बॅटरी,
आणि साडेअकरापासून बसली.
उतरून येणाऱ्यांशी ती फारसं बोलत नाही.
मोजते. ओठांतल्या ओठांत, जुन्या सवयीनं.
वर दार लागल्याचा आवाज आला
की मगच पुढचा आकडा.

परवा हॉस्पिटलच्या लाँड्रीतून निघायला मला उशीर झाला.
दोन वाजता आले, तर ती तिथेच.
“एक कमी भरत होता,” म्हणाली.
एवढंच.
बॅटरी माझ्या पायांपुढे धरली.
बारा पायऱ्या, वळण, पुन्हा बारा.
आठवी हलते,
तिथे उजेड जरा थांबला.

काल खुर्चीच्या पाठीवर पिवळा कागद:
सामायिक जागेत खासगी सामान ठेवू नये.
लॉरेटानं चष्मा काढला, पुसला, लावला,
शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं.
“सामायिक म्हणजे आपल्या सगळ्यांचीच ना?”
मी हो म्हणाले.
मग ती रेलून बसली,
पाठीमागे कागद कुरकुरला.
पावणेबाराची बस अजून यायची होती.