उलटा धूर

नदीपलीकडे कॅनडा, अलीकडे आम्ही,
आणि मधली नदी चार महिने दगड.
मेन राज्याच्या या टोकाला बटाटे पिकतात,
तेलाचा ट्रक टाकी भरून बिल दारात अडकवून जातो.
बिल वाचून घाम फुटतो
तेवढीच काय ती ऊब.

म्हणून ऑगस्टात मी माती कालवली.
एक बादली चिकणमाती, तीन वाळू, ओटचं काड अंदाजाने.
ताडपत्रीवर अनवाणी तुडवत होते
तर कुंपणापलीकडून ऑरोर म्हणाली,
"लेओनी, साठीत नाचायला लागलीस?"
म्हटलं, चिखल उरलाय, ये.
आली. मोजे काढून आली.

वहीत सगळं सोपं होतं.
विटांची वाकडी नळी, तोंडात उभी लाकडं;
आग बुडाशी जळणार, आडवी धावणार,
मग उभ्या नळकांड्यातून वर झेपावणार.
त्यावर उपडं पिंप, पूर्वी मेपलच्या पाकाचं.
पिंपाला डोकं आपटून धूर खाली वळणार,
मातीच्या बाकाच्या पोटातून अठरा फूट सरपटत
असेल नसेल ती ऊब बाकाला देऊन
रिकाम्या हाताने घराबाहेर पडणार.

अकरा ऑक्टोबरला काडी ओढली.
धूर निघाला. थेट माझ्या तोंडावर.
अलार्म किंचाळला, कुत्रा भुंकला,
सगळ्या खिडक्या उघडल्या मी,
आणि घर गरम करायला निघालेली बाई
उंबऱ्यात खोकत बसली, कोट घालून.
पोर्टलंडहून पोराचा फोन :
"आई, चुलीत घाल ती चूल. यंत्र विकत घे."

झेर्वे आला. कागद गिरणीत एकतीस वर्षं पाइप जोडलेला.
बोलला नाही. मेणबत्ती पेटवून
सांध्यासांध्यापाशी धरत गेला,
ज्योत कुठे वाकते बघत,
घोडं नेमकं कुठे पेंड खातंय ते हुंगत.
धुराड्यात थंड हवेचं बूच बसलेलं.
बुडाशी वर्तमानपत्र जाळलं, बूच निघालं,
पाच मिनिटं आग नीट आत गेली.
मग पुन्हा तेच.

दोघांनी पिंप उचललं.
नळकांड्याच्या कडेवर त्याने अंगठा ठेवला :
"इथे दोन इंच हवेत. एकच आहे."
वहीत दोनच होते.
कड जरा देखणी दिसावी म्हणून
मागाहून बोटभर माती मीच थापली होती,
ओल्या हाताने गुळगुळीत करून.
छिन्नीने खरवडली. काही बोलले नाही.

तरी धूर.
शेवटी बाकाच्या टोकाचं झाकण काढून
खांद्यापर्यंत हात घातला. काहीतरी मऊ.
मेलेला उंदीर, म्हटलं, आणि डोळे मिटून ओढलं.
मोजा. करडा, टाचेला लाल दोरा.
उंदीर शिरू नयेत म्हणून ऑरोरनेच कोंबलेला,
आणि गेले आठ आठवडे ती
दुसरा पाय शोधत होती.

मग आगीने मान खाली घातली
आणि लांबून ट्रक येतो तशी घरघर सुरू झाली.
झेर्वेने टोपी काढली,
डोकं खाजवायला असेल.

बाक मात्र थंडच.
पहिल्या दिवशी थंड, दुसऱ्या दिवशी थंड आणि ओला,
काचांवर पाणी, भिंतींना घाम,
जणू सगळा ऑगस्ट
मातीतून निघून खोलीभर पसरलेला.
मुरायची ती ऊब, मुरत होतं पाणीच.
मी नुसती लाकडं घालत राहिले, अर्ध्या हट्टाने,
अर्ध्या लाजेने.

चौथ्या रात्री तीनला जाग आली.
आग सातलाच विझलेली. बाहेर उणे बावीस.
कुत्रा त्याच्या गादीवर नव्हता.
अंधारात चाचपडत गेले
तर बाकावर पसरलेला, चारही पाय वर,
त्याच्या शेजारची माती
नुकत्या उठलेल्या माणसाच्या जागेसारखी.

कोपऱ्यात केसाएवढी भेग दिसते.
सकाळी चमचाभर चिखल भरीन.
ऑरोरचा मोजा धुतलाय,
पिंपाजवळ वाळतोय,
अजून धुराचाच वास येतो त्याला.