दोनशे तेरावी ओळ

वाळपईच्या काजू सोसायटीत
दोनशे तेराव्या ओळीत वजन घातलं, दर घातला,
आणि रकमेचा रकाना
कोराच राहिला.

कालपर्यंत सूत्र आपसूक खाली उतरायचं.

सेटिंग उघडलं: खूण आहे.
मध्ये रिकामी ओळ नाही,
आकडा अक्षर होऊन बसलेला नाही.
बंद करून चालू केलं, सगळेच करतात तसं.
दारात प्रेमावती गावस, पोतं तोलून उभी.
"जालें गो बाय?"
"जातां," म्हटलं, आणि कॅल्क्युलेटर काढला.
अकरा किलो. तेराशे वीस. अंगठा.

दुपारी उमगलं.
यंत्र मागच्या पाच ओळी बघतं.
पाचांतल्या तिघींनी तरी वाट धरलेली हवी,
तरच पुढचीला ते वाट दाखवतं.
इथे तिघींत सूत्र नव्हतंच,
नुसते आकडे, हातानं ठोकलेले.
साडेचौदा किलो, दर एकशेवीस:
सतराशे चाळीस व्हावेत, लिहिलेत सतराशे चौसष्ट.
पुढे नऊ किलो. चोवीस जास्त.
बावीस किलो. चोवीसच जास्त.

म्हाळू गांवकर, माझ्या आधीचा कारकून,
सध्या बांबोळीला, नाकात नळी.
त्याला कोण विचारणार?
चोर असता तर चोवीसवर भागलं असतं का त्याचं,
आणि तेही बायकांच्या खात्यावर?

तिन्ही नावं वरच्या वाड्यावरची.
तिन्ही पोती पडवीतल्या जुन्या काट्यावर तोललेली.
चहाच्या कपाटातलं साखरेचं पाकीट आणलं,
न फोडलेलं, एक किलो,
काट्यावर ठेवलं.

आठशे ग्रॅम.

दोन पाकिटं ठेवली: एक किलो आठशे.

काटा दर खेपेला मूठभर बिया खात होता
आणि म्हाळू, कुणाला न सांगता,
सूत्र पुसून
ती मूठ परत ठेवत होता.

मी नवा रकाना घातला: काट्याची तूट.
सूत्राला तो शिकवला,
पाचही ओळींत हातानं उतरवला,
एकेक, सावकाश.
मग प्रेमावतीची ओळ पुसून पुन्हा भरली.
वजन, तूट, दर.
रक्कम आपण होऊन आली:
तेराशे चव्वेचाळीस.

ती तर केव्हाच गेली होती,
मी अगदी बरोबर मोजलेले पैसे घेऊन.

गल्ल्यातून वीसची नोट काढली, दोनची दोन नाणी,
आणि शिपायाला विचारलं,
वरच्या वाड्याला
कुठून जायचं.