घाटावरचं हॉटेल

वैनगंगा ओलांडायला नाव यायची दिवसातून दोनदा.
मधल्या वेळात सुगरताबाईनं
उंबराखाली तवा टाकला :
जवसाच्या तेलात मरळ, तांदळाची भाकर.
पैसे झिबल घ्यायचा, पलीकडं उतरवताना,
उतराईतच धरून.

मग पूल झाला.
झिबल महिनाभर बोलला नाही.
एका सकाळी नाव पालथी घातली चुलीसमोर,
म्हणाला, बसव लोकांना.

धरणाचं पाणी आलं.
चूल तीनदा चढ चढली,
उंबर आत राहिला.
त्याच्या फांद्यांत आता झिंगे सापडतात.

नात तेच सोलत असते.
नागपूरची माणसं गाडीतून उतरतात, बसतात, विचारतात,
'हॉटेलचं नाव काय?'

'नाव? तिच्यावरच तं बसले तुमी.
जरा सरकून. मधली फळी कुजली हाये.'